खोताचं दप्तर मी नीट लावलं

नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते, तेव्हा मी एका खोताच्या दप्तराची चौदा पुडकी सोडली, आतले सगळे कागद एकत्र केले, तारीखवार लावले आणि पुडक्यांच्या दोऱ्या केरात टाकल्या.

वाचणाऱ्याला वाटेल, यात चुकलं काय? पोरगी कामसू होती. मलाही तेच वाटलं होतं. म्हणून तर त्या संध्याकाळी मी पदरच्या पैशांनी सगळ्या मंडळाला बटाटेवडे खाऊ घातले.

त्या वेळची मी डोळ्यांपुढे आणली की आधी हसू येतं आणि मग हात शिवशिवतात. कडक इस्त्रीची साडी, लांब शेपटा, आणि पर्समध्ये मोडीच्या परीक्षेचं प्रमाणपत्र घडी घालून ठेवलेलं. कुणी मागितलं तर दाखवायला. सदतीस वर्षांत कुणी मागितलं नाही. घडीवर फाटलं शेवटी.

मुलुंडला एका ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं संशोधन मंडळ होतं. मंडळ म्हणजे दोन खोल्या, सहा कपाटं आणि एक पंखा, तोही अध्यक्षांच्या खुर्चीवर. जुने मोडी कागद जमवायचे, वाचायचे, बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, उतरवायचे, हे आमचं काम. मोडी ही आपलीच जुनी लपेटी लिपी. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग त्या रेघांना अक्षरं लटकवत सुटायचा. दोन शब्दांत जागा सोडणं त्याला माहीत नाही, पूर्णविराम त्याच्या बापाला माहीत नाही. वर शाई टिपायला टाकलेली वाळू दीडशे वर्षांनी आपल्या मांडीवर सांडते. घरी गेल्यावर सासूबाई विचारायच्या, "तू हापिसात जातेस की चौपाटीवर?"

तर हा खोत. आज जिथं मेट्रोचे खांब आणि मॉल आहेत तिथं त्याच्या काळी भातखाचरं होती, आमराया होत्या, खाडीकडे मिठागरं होती. अशी सात गावं त्याच्या खोतीत. खोत म्हणजे सरकारात गावाचा वसूल भरणारा आणि त्या बदल्यात गावावर मिरवणारा जमीनदार. आम्ही त्याला खोतबाबा म्हणायचो. त्याच्या वंशजांनी माळा रिकामा करताना एक पत्र्याची पेटी आम्हाला आणून दिली. तिच्यात ही चौदा पुडकी: सात गावांची सात, आणि उरलेली घरातली. लग्नं, दुखणी, भांडणं.

पेटी आली आणि आमचे दप्तरप्रमुख अण्णा मोतीबिंदू काढायला गावी गेले. जाताना म्हणाले, "पेटी नुसती झटकून ठेव. कसर लागलीय." कसर म्हणजे कागद खाणारा किडा. मी म्हटलं, नुसती झटकून? प्रमाणपत्रवाली मी?

पुडकी उघडली तर आत सगळा गोंधळ. एका कागदावर एक साल, त्याच्या खाली वीस वर्षं आधीचा कागद, मध्येच एक चिठोरं, त्याला तारीखच नाही. मला वाटलं, काय हा आळशी माणूस! मी जंत्री घेतली, सगळ्या तारखा इंग्रजीत केल्या, कागद ओळीनं लावले, आणि ज्यांना तारीख नव्हती असे शे-दीडशे कागद एका बिस्किटांच्या डब्यात घालून त्यावर सुरेख अक्षरात लिहिलं: 'बिनतारखी'. पुडक्यांवरच्या फडक्यांवर खोतबाबानं गावांची नावं लिहिली होती. ती फडकी कुजली होती. तीही टाकली.

अण्णा काळा चष्मा लावून परत आले. मी त्यांना हात धरूनच कपाटापाशी नेलं, म्हटलं, बघा. त्यांनी चष्मा काढला, खण उघडला, दोन-चार कागद चाळले आणि पहिला प्रश्न विचारला, "दोऱ्या कुठं आहेत?"

"टाकल्या. नासल्या होत्या."

"आणि फडकी?"

"तीपण."

अण्णा खुर्चीत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "अगं, तू कधी दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात डबे लावलेस का? तिची हिंगाची डबी हळदीजवळ का असते ते तिलाच माहीत. तू सगळे डबे उंचीनं लावलेस. आता तिला हिंग सापडायचं नाही." मग चष्मा परत लावत, "हे आता दप्तर नाही राहिलं. तारीखवार लावलेली रद्दी झाली."

मला त्यांचा रागच आला होता, खरं सांगते. वाटलं, म्हातारा जळतोय.

कळायला वर्षं गेली. खोतबाबा आळशी मुळीच नव्हता. तो कागद प्रकरणावार ठेवायचा. एका गावच्या बांधाचं भांडण असेल तर त्याची पहिली तक्रार, वीस वर्षांनंतरचा निवाडा, मधली चिठ्ठी, सगळं एकावर एक, एका दोरीत. चिठ्ठीवर गावाचं नाव लिहायची त्याला गरजच नव्हती. ती त्या गावाच्या पुडक्यात होती, बस. दोरी हाच पत्ता होता. मी सगळ्यांचे पत्ते पुसून टाकले आणि वडे वाटले.

अण्णांनी मात्र हे कधी कुणाला सांगितलं नाही. ते गेले तोवर नाही. त्यामुळे मंडळात माझं नाव 'अत्यंत व्यवस्थित' असंच राहिलं. मीही ते राहू दिलं.

आता या धंद्यातल्या गिऱ्हाइकांविषयी सांगते, म्हणजे माझ्या डोक्याचं काय होत होतं ते कळेल.

आमच्याकडे कागद वाचून घ्यायला येणाऱ्यांत शंभरातल्या नव्वदांना कागदात रस नसतो. जमिनीत असतो. घाटकोपरहून एका बिल्डरचा माणूस आला होता, मखमली पेटीत एकच कागद घालून. सोन्याचा असल्यासारखा धरला होता.

"मॅडम, बाकी काय नको. एकर किती, तेवढं सांगा."

मी वाचला. म्हटलं, "आमराईच्या राखणदाराची तक्रार आहे. माकडांनी फार उच्छाद मांडलाय."

"बरोबर. पण नावावर कुणाच्या?"

"कशाच्या?"

"जमीन हो. माकडांच्या नावावर तर नसेल ना!" आणि स्वतःच्या विनोदावर इतका हसला की पेटी विसरून गेला. तीन वेळा फोन केला तेव्हा नेली.

अंधेरीचं एक जोडपं आलं. पणजोबांची सनद होती त्यांच्याकडे, आणि ती त्यांनी चक्क लॅमिनेट करून आणली होती. घडीची शीर मधोमध, आत हवेचे बुडबुडे, आणि गरम प्लास्टिकखाली शाई उतरून चहासारखी झालेली. नवरा अभिमानानं म्हणाला, "ताई, आता पाणी पडलं तरी काही होणार नाही."

मी म्हटलं, "आता वाचलं तरी काही होणार नाही."

बायको त्याच्याकडे वळून म्हणाली, "मी बोलले होते ना तुला? सांग, बोलले होते ना?" पुढचा अर्धा तास त्यांचं ते चाललं आणि मी दोघांना पाणी देत बसले.

सगळ्यांवर कडी केली खोतबाबाच्या पणतूनं. बोरिवलीला राहणारे सज्जन गृहस्थ. त्यांना नंदूशेठ म्हणू. पणजोबांवर त्यांना एक स्मरणपुस्तिका काढायची होती. मुखपृष्ठावर फेटा, आत दानशूरपणा. मला म्हणाले, "पेटीतलं निवडक द्या."

मी निवडक दिलं. खोतबाबा प्रत्येक पत्राची नक्कल ठेवायचा, आणि ती खासगी पत्रं म्हणजे माझा जीव की प्राण. मुंबईच्या दुकानदाराला लिहिलेली चार पत्रं होती की पाठवलेला जोडा डाव्या पायाला चावतो, उजव्याची तक्रार नाही, तरी एकच बदलून मिळावा. व्याह्यांना लिहिलेलं एक कुजकट पत्र होतं. आणि वैद्यबुवांना अकरा वर्षं नेमानं पाठवलेला मूळव्याधीचा वृत्तांत होता. माझ्या नवऱ्याच्या रक्तदाबापेक्षा मला खोतबाबाच्या मूळव्याधीची जास्त माहिती आहे.

नंदूशेठ वाचता वाचता तांबडे झाले. "हे छापायचं नाही."

"मग काय छापू?"

"त्यांनी विहीर बांधली होती गावासाठी. ते."

"बांधली ना. भावजयीनं तिच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही म्हणून बांधली. पत्र आहे. काढू?"

पुस्तिका निघाली. त्यात फेटा आहे, विहीर आहे, भावजय नाही.

अशी वर्षं गेली. माझे केस पांढरे झाले, अण्णांची खुर्ची मला मिळाली, बिस्किटांचा डबा गंजला म्हणून त्यातले कागद मी दुसऱ्या डब्यात घातले. निवृत्तीला चार महिने उरले होते, तेव्हा हिराबाई आली.

दुपारची वेळ. आधी वास आला, मग ती. खालच्या वाचनालयातल्या एका गृहस्थांनी नाकाला रुमाल लावून तिला वर पाठवलं होतं. साठीपुढची, काळीसावळी, नाकात मोठी नथ, मुलुंडच्या बाजारात मासळी विकून थेट आलेली. टोपली बाहेर ठेवली, पदरानं खुर्ची पुसली (माझी खुर्ची, तिला स्वच्छ वाटली नसावी) आणि बसली.

"तूच ना गो ती जुनं वाचणारी?"

मी म्हटलं, "हो. काय आणलंय?"

"आणलंय काय नाय. न्यायला आलीय."

घाटकोपरच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला एक छोटा कोळीवाडा आहे. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही. तिथं खाडीलगत एक खळं आहे. खळं म्हणजे मासळी वाळवायची मोकळी जागा. बांबू उभे केलेले, त्यांवर बोंबील टांगायचे, खाली जवळा पसरायचा, एका कडेला जाळी वाळायची. पिढ्यान्‌पिढ्या सगळा कोळीवाडा ते वापरतो. सातबारा नाही, कुंपण नाही. नव्या मोजणीच्या नकाशावर ते 'मोकळी जागा' म्हणून आलं होतं आणि तिथं गाड्या उभ्या करायचा तळ होणार होता.

"मोकळी!" हिराबाई म्हणाली. "साहेब आला तवा पावसाळा होता. पावसात मासळी कोण वाळवतं रे बाबा? मी बोलली त्याला, तू थंडीत ये, पाय ठेवायला जागा मिळाली तर सांग. तो बोलतो, कागद आणा."

सुनावणीला तीन आठवडे होते. खळं गेलं तर कोळीवाड्यातल्या चाळीसेक बायकांची वर्षभराची सुकी मासळी गेली. ओली त्या विकतात, पण पावसाळ्यात घर सुक्यावर चालतं. हिराबाईची सासू सांगायची की खोतानं खळं लिहून दिलं होतं. नंदूशेठच्या पुस्तिकेत मंडळाचं नाव होतं, त्यावरून कुणी तरी तिला इथं धाडलं होतं.

तो कागद मला माहीत होता. कितीदा तरी वाचला होता. उठून डबा काढला. वीतभर चिठ्ठी, खोतबाबाच्या हातची, कारभाऱ्याला लिहिलेली. कोळी लोक खाडीकाठी जाळी व मासळी वाळवितात, ती जागा पूर्वीपासून त्यांची वहिवाट आहे, कोणी हरकत करू नये, आपली गुरे तेथे सोडू नयेत. खाली सही.

हिराबाईनं हात जोडले. "हाच! दे."

"थांबा," मी म्हटलं. "यात गावाचं नाव नाही. तारीखही नाही."

"का नाय?"

का नाय! खोतबाबाच्या सात गावांपैकी तीन खाडीकाठची, तिन्ही ठिकाणी कोळी. जोड्याच्या पत्रावर तारीख, मूळव्याधीच्या पत्रावर तारीख आणि वेळसुद्धा, आणि इथं काही नाही. इतकी चिडले मी त्याच्यावर! मग आठवलं, त्यानं नाव लिहिलं होतं. फडक्यावर.

मी हिराबाईला सगळं सांगितलं. दोऱ्या, फडकी, बटाटेवडे. कुणालाही न सांगितलेली गोष्ट मी एका अनोळखी बाईला पाच मिनिटांत सांगून टाकली. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. कोळणीच्या शिव्या म्हणजे काही साधं काम नाही. तिनं नुसतं विचारलं, "मग आता परत कसं लावायचं?"

"नाही लावता येत."

"असं कसं? तू लावलंस ना मोडून? मग?"

ती चिठ्ठी हातात घेऊन खिडकीपाशी गेली. उजेडात धरली. कसरीनं तिला पाच भोकं पाडली होती. हिराबाई बराच वेळ बघत राहिली.

"याला उंदीर लागला?"

"किडा."

"तेच. आमचं जाळं घडी करून ठेवतात ना, त्याला उंदीर लागला की एका जागी नाय फाटत. उघडून बघितलं की जितक्या घड्या तितक्या जागी तसंच भोक. मी भोक बघून सांगते कुठली घडी कुठल्या घडीवर होती. तुझा किडा काय एक कागद खाऊन हात धुतो? आरपार जात असंल ना?"

सदतीस वर्षं मी त्या भोकांना शिव्या घालत होते, कारण ती नेमकी अक्षरावर पडतात. ती भोकं म्हणजे किड्यानं ओवलेली दोरी आहे, हे मला सुचलं नव्हतं. नंतर एका विद्वानांनी मला सांगितलं की हे शास्त्र आहे, परदेशात करतात. असेल. मला ते मुलुंडच्या मासळीबाजारानं शिकवलं.

मग आम्ही लागलो. चिठ्ठीच्या पाच भोकांची बटर पेपरवर खूण करून घेतली आणि खाडीकाठच्या तिन्ही गावांचे कागद एकेक करून त्याखाली धरायचे, खिडकीच्या काचेवर. हिराबाई रोज टोपली रिकामी करून दुपारी यायची. मी साबण आणून ठेवला होता. हात धुतल्याशिवाय कागदाला हात नाही. ती हात धुवायची आणि मला वास घ्यायला लावायची. "बघ, गेला? नाय गेला तरी गेला बोल."

तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि डोळा माझ्यापेक्षा तयार होता. मी कागद हातात आला की वाचतच बसायची. ती ओरडायची, "वाचू नको गो! बघ!"

पहिल्या दोन गावांत काही जुळलं नाही. चौथ्या दिवशी मला वाटलं एक जुळलं, मी उडीच मारली. तिनं बघितलं आणि म्हणाली, "चार हायत. पाचवं तू मनानं पाडलंस." खरंच होतं ते.

सातव्या दिवशी तिच्या कोळीवाड्याच्या गावची एक कबुलायत, म्हणजे खंडानं जमीन कसायचा लेखी करार, काचेवर धरली आणि पाचही भोकांतून उजेड आला. मी घाईनं त्याच गावचे पुढचे कागद काढले, हिराबाईनं मनगट धरलं. "हळू. फाडशील." शेवटी असे सात कागद निघाले, सगळे त्याच गावचे, मधल्या कागदांत भोकं मोठी, कडेच्यांत लहान होत गेलेली. खोतबाबाची चिठ्ठी बरोबर तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये बसली. त्या दोन्हींवर तारीख होती.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आमचे अध्यक्ष होते ना.

ते म्हणाले, "बाई, चिठ्ठीचं वाचन द्या, सही करा, संपलं. भोकांचं वगैरे काढू नका. कारण मग विचारतील, कागद वेगळे केले कुणी?"

"मी केले."

"तेच म्हणतोय. चार महिन्यांत तुमचा सत्कार आहे. मंडळाचं नाव आहे. लोक आपल्याला विश्वासानं पेट्या देतात. एकदा कळलं की इथं कागदांची उलथापालथ होते..."

खोटं बोलत नव्हते ते. पेट्या खरंच यायच्या बंद झाल्या असत्या. घरी मी नवऱ्याला विचारलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "इतकी वर्षं लपवलंस, अजून चार महिने काय जड आहेत?" आमचे हे असेच, त्यांच्या उलट केलं की सहसा बरोबर ठरतं.

सुनावणीला मी पांढरी साडी नेसून गेले, का कोण जाणे. छोटी खोली, टेबलामागे एक तरुण अधिकारी, एका बाजूला गाड्यांचा तळ करू पाहणाऱ्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला हिराबाई आणि तिच्या मागं तीस-पस्तीस बायका. अर्ध्या आत, अर्ध्या जिन्यात. अधिकाऱ्यांनी "जरा शांत" म्हटलं की एक मिनिट शांत.

मी चिठ्ठी वाचली. वकील म्हणाले, "यात कुठलं गाव आहे, मॅडम?"

"गाव लिहिलेलं नाही. पण ही या सात कागदांच्या मध्ये होती."

"असं कोण म्हणतं?"

"किडा म्हणतो."

मागं हशा पिकला. अधिकारीही हसले, मग त्यांनी एकेक कागद मागून घेतला आणि स्वतः उठून खिडकीशी गेले. आठही कागद एकावर एक धरले. पाचही भोकांतून बाहेरचं आभाळ दिसत होतं. परत येऊन बसले आणि तोच प्रश्न विचारला, "मग हे वेगळे कुणी केले?"

"मी केले, साहेब."

"म्हणजे? तुम्ही तर तज्ज्ञ म्हणून आलाय."

"तेव्हा तज्ज्ञ नव्हते. तेव्हा मला सगळं येत होतं."

वकील उभे राहिले. "म्हणजे कागदांत फेरफार झालाय, हे या बाई स्वतःच सांगतायत. फेरफार केला त्यांनी, आणि आता तेच कागद त्यांनीच जुळवून आणलेत. यावर विश्वास काय ठेवायचा?"

प्रश्न चोख होता. त्यांच्या जागी असते तर मीही तोच विचारला असता. मी पिशवीतून मंडळाची जुनी नोंदवही काढली. तिच्यात माझ्या त्या सुरेख अक्षरात, खाली दोन रेघा ओढून, लिहिलं होतं की अमुक पेटीतील चौदा पुडकी सोडवून सर्व कागद तारीखवार लावले, बिनतारखी वेगळे ठेवले. कौतुक व्हावं म्हणून लिहून ठेवलेलं. पुढे बिनतारखी कागदांची यादी. एकोणसाठाव्या क्रमांकाला ही चिठ्ठी, तिचा पहिला शब्द, आणि शेरा: 'कसरीची भोके पाच'.

"त्या वेळी हिराबाई मला भेटली नव्हती, साहेब," मी म्हटलं. "खळ्याचं भांडणही नव्हतं. भोकं मी आत्ता पाडलेली नाहीत. माझा मूर्खपणा एवढा एकच पुरावा आहे, तो घ्या."

अधिकाऱ्यांनी वही ठेवून घेतली. माझं सगळं लेखी उतरवलं, "मी अननुभवामुळे मूळ क्रम मोडला" असं, आणि त्याखाली मी सही केली.

महिन्याभरानं निकाल आला. चिठ्ठी त्या गावचीच धरली गेली, वहिवाट दिसते म्हणून खळ्याची जागा नकाशातून 'मोकळी' या सदरातून काढली, आणि गाड्यांच्या तळाला तूर्त मनाई झाली. तूर्त. समोरचे वर अपिलात गेलेच. पण त्या थंडीत बोंबील टांगले गेले.

माझा सत्कार झाला. शाल जरा पातळ होती. भाषणात अध्यक्षांनी 'व्यवस्थितपणा' हा शब्द टाळला. त्या वर्षी दोन घराण्यांनी कबूल केलेल्या पेट्या दिल्या नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्या पेट्या कुठल्या माळ्यावर कसरीच्या पोटात जात असतील.

निवृत्तीनंतर एकदा मी खळ्यावर गेले. दुपारचं ऊन, वाऱ्यावर बोंबलांच्या माळा, नाक धरून चालावं असा वास. हिराबाई जवळा पसरत होती. मी मनात पाठ करून गेले होते, तिच्याजवळ उकिडवी बसले आणि म्हटलं, "हिराबाई, मी ते पुडकं मोडलं नसतं तर तुम्हाला एवढं सोसावं लागलं नसतं. मला माफ करा."

तिनं जवळा पसरणं थांबवलं नाही. मान वर न करता म्हणाली, "माफी ठेव बाजूला. अपिलात साहेब नवा येणार, त्याला परत सगळं वाचून दाखवायला लागंल. माझ्या सुनेला उद्यापासून ते वाचायला शिकव. तू काय आम्हाला जल्मभर पुरणार हायस?"